घर कुणाचं?

'घरमालक' हा शब्द कोशातून काढून टाकावा, अशी माझी जाहीर मागणी आहे. ते जमत नसेल तर अर्थ तरी दुरुस्त करावा: 'दुसऱ्याच्या घराची डागडुजी स्वखर्चाने करणारा इसम.'

पुण्यात, पेठेत, आमचा वाडा आहे. हे वाक्य बँकेत एकदा तोंडातून निसटलं. तेव्हापासून चहाचे पैसे मीच देतो.

वाड्यातल्या खालच्या दोन खोल्या आजोबांनी 1962 साली प्रथमच भाड्याने दिल्या. माईंच्या सासऱ्यांना, महिना अठरा रुपयांत. तेव्हा 1947 सालचा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता. युद्धानंतरची जागांची टंचाई पाहता तो हवाच होता, हे मी मालक असूनही कबूल करतो. पण तापात कपाळावर ठेवलेली ओली घडी ताप उतरल्यावर काढायची असते. आमच्या कपाळावर ती पन्नास वर्षं राहिली. भाडं असं गोठवून ठेवणं वाजवी राहिलेलं नाही, असं 1997 साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं. मग 1999चा नवा कायदा आला आणि 31 मार्च 2000 रोजी लागू झाला. बँकेत आम्ही त्या दिवशी वर्षाचा ताळेबंद जुळवत असतो. माझा त्या दिवसापासून जुळलेला नाही.

नव्या कायद्याने वाढ दिली. जुन्या भाड्यावर एकदा पाच टक्के, पुढे दरसाल चार टक्के. मी बी. कॉम. आहे. अठराचे झाले अठरा रुपये नव्वद पैसे. त्यावर पंचवीस वर्षं चक्रवाढ धरली, तरी महिन्याला 50 रुपये 38 पैसे. वर्षाचे 604 रुपये 56 पैसे.

गेल्या महिन्यात माईंनी हाक मारली, "अरे बंड्या, संडासाची टाकी गळतेय. मालक ना तू?" (एरवी मी बंड्याच असतो, गळती लागली की मालक होतो.) प्लंबरने नुसतं येऊन बघायचे सहाशे घेतले. उरलेल्या 4 रुपये 56 पैशांत मला वर्षभर जमीनदारी करायची आहे.

"म्हणजे माईंना बाहेर काढणार?" असं कुणीतरी विचारेलच. मुळीच नाही! माईंनी मला अंगाखांद्यावर खेळवलंय. गरीब भाडेकरूला आधार हवा, शंभरदा हवा. पण तो सरकारने आपल्या तिजोरीतून द्यावा की एका कारकुनाच्या खिशातून? दानाचं पुण्य सरकारला आणि पावती माझ्या नावाने, हा कुठला हिशेब?

बरं, यात भाडेकरूंचं तरी भलं झालं का? माझ्या शेजारचा कॅशियर दर अकरा महिन्यांनी संसार टेम्पोत घालून नवं घर शोधतो. कारण आमची गत पाहिलेले मालक 'लीव्ह अँड लायसन्स'खेरीज किल्लीच देत नाहीत. एका भाडेकरूला हलवता येत नाही आणि दुसऱ्याला टेकता येत नाही!

सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण मागची भिंत फुगली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांच्या नोटिसा निघतात; त्यात एक आमची. घर चांगल्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची, असं कायदा म्हणतो. भिंतीला मात्र कायदा वाचता येत नाही. तिला चुना, विटा आणि गवंड्याची मजुरी लागते. शिवाय त्याच भिंतीला लागून माईंची कॉट आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच: भाडं निदान दुरुस्तीपुरतं तरी असू द्या, ज्यांना झेपणार नाही, त्यांचा फरक सरकारने भरावा. नाहीतर एके रात्री मालक, भाडेकरू आणि कायदा, तिघेही एकाच ढिगाऱ्याखाली सापडतील.

तूर्त मी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले. गवंडी कामाला लागला, तशा माई वाटीत बेसनाचा लाडू घेऊन आल्या.

"खर्चाचं मनाला लावून घेऊ नकोस हो बंड्या," त्या म्हणाल्या, "शेवटी घर काय, आपलंच आहे."

लाडू उत्तम होता. 'आपलंच' म्हणजे नेमकं कुणाचं, एवढं मात्र मला विचारता आलं नाही.