काटकसर कुणाच्या ताटातून?

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन वस्तीत काम सुरू केले, तेव्हा माझ्या पिशवीत एक तक्ता असायचा : ‘घरखर्चाचे नियोजन’. महिन्याचा किराणा एकदम भरा, यादी करून दुकानात जा, चार ठिकाणी भाव विचारा, सुटे घेऊ नका. बचत गटाच्या बैठकीत मी तो भिंतीवर लावून समजावून सांगत असे. बाया मान डोलवत. एकदा नाक्यावरून बिगारी कामाला जाणाऱ्या एका मावशींनी मध्येच विचारले, “ताई, महिन्याचे पैसे एकदम हातात कोण देतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून तो तक्ता मी भिंतीवर लावलेला नाही.

ज्या बाईला मजुरी रोजची मिळते, ती पाव किलो डाळ आणि वीस रुपयांचे तेल घेते. किलोचा हिशेब मांडला तर पंधरा किलोचा डबा भरणाऱ्या घरापेक्षा तिला दर जास्त पडतो. गरीब असण्याचाच हा दंड! चार दुकानांत भाव विचारण्याचे स्वातंत्र्यही तिला नाही. जिथे उधारीची वही चालते तिथेच जावे लागते, आणि ज्याची उधारी त्याच्याशी भावाची घासाघीस करता येत नाही. अशा बाईला काटकसर शिकवणे म्हणजे बुडणाऱ्याला पाण्याची खोली सांगणे.

मैत्रिणींनो, ‘बचत’ येते कुठून ते एकदा नीट पाहू या. ती येते दोन ठिकाणांहून : बाईच्या ताटातून आणि बाईच्या वेळातून.

महागाई वाढली की आधी डाळ पातळ होते. मग वाटप ठरते. कमावत्या पुरुषाला आणि मुलांना आधी. बाई शेवटी बसते आणि खरवडून उरेल ते खाते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. पाळी, बाळंतपणे ही कारणे आहेतच. पण ती झीज भरून काढणारे अन्न ज्या ताटात सर्वांत आधी पडायला हवे, तिथेच ते सर्वांत शेवटी पोचते.

दुसरी गोष्ट वेळेची. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७. स्वस्त धान्य आणा, निवडा, पाखडा, दळून आणा, मसाला घरी कुटा, ही सगळी बचत या २९९ मिनिटांतूनच निघते. त्यांचा भाव शून्य धरला जातो म्हणून घरचे ते स्वस्त! मध्यमवर्गीय घरातही वेगळे नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार सोडून मंडईपर्यंत पायपीट करणाऱ्या बाईला ‘सुगृहिणी’ ही पदवी मिळते. तिने रुपया रुपयाचा हिशेब द्यायचा. त्याच्या तंबाखूचा आणि दारूचा हिशेब विचारायचा नाही.

मग पैसे वाचवायचेच नाहीत का? वाचवायचे. पण एकटीने पोट आवळून नव्हे. १९७२ नंतर मुंबईत महागाईविरोधात बायका एकत्र आल्या. समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर पक्षभेद बाजूला ठेवून एका समितीत उभ्या राहिल्या. लाटण्यांनी थाळ्या बडवत हजारो बायका रस्त्यावर आल्या. त्यांनी काटकसरीच्या युक्त्या विचारल्या नाहीत. तेल, साखर, रॉकेल रास्त भावात का मिळत नाही, याचा जाब विचारला.

आज अन्न सुरक्षा कायद्याने (२०१३) प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य दरमहा मिळाले पाहिजे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. याच कायद्याप्रमाणे शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीचे नाव हवे. आपल्या वस्तीत किती कार्डांवर ते आहे? किती नव्या सुनांची आणि मुलांची नावे अजून चढलेली नाहीत? लाभार्थींची मर्यादा २०११ च्या जनगणनेवर ठरली, त्यानंतर वाढलेली कुटुंबे कुठे जाणार? आणि डाळ-तेल या कायद्यात नाहीच. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल दिले. सणाला जमते ते बारा महिने का जमू नये?

दहा घरांनी मिळून ठोक बाजारातून पोते आणले तर दर नक्की उतरतो. बचत गटांनी ते करावे. मात्र पोते उचलणे, मोजणे, हिशेब लिहिणे यांत घरातल्या पुरुषांचाही हात लागलाच पाहिजे. नाहीतर पैसा वाचेल आणि बाई मात्र आणखी खर्ची पडेल.

आता मी बैठकीत तक्ता नेत नाही. एकच प्रश्न नेते. या महिन्यात घरात जे वाचले, ते कुणाच्या ताटातून? उत्तर ‘माझ्या’ असेल, तर ती बचत नाही, उपासमार आहे. तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारू या, आणि रेशन कार्यालयाच्या दारात एकत्र जाऊन मारू या.