आधी गेन, मग आवाज

दरवर्षी स्मरणिकेसाठी माझ्याकडून लसीकरणावर किंवा बालआहारावर लेख मागितला जातो आणि मी तो निमूटपणे देतो. यंदा मात्र विषय निराळा निवडला आहे: बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. बालरोगतज्ज्ञाचा या यंत्राशी संबंध काय, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. गेल्या पावसाळ्यापर्यंत मलाही तसेच वाटत होते.

माझा भाचा अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो आणि मित्रांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवितो. गणेशोत्सवातील कार्यक्रमाच्या तालमींसाठी या मुलांनी सांवेर रोडवर, एका परिचितांच्या बंद पडलेल्या कारखान्याची शेड मिळविली. औद्योगिक वसाहतीत तक्रार करायला शेजारी नाहीत, हाच त्यातला मुख्य लाभ. एका रविवारी बहिणीच्या आग्रहावरून मीही तेथे गेलो.

पत्र्याच्या छपराखाली बेसचा स्वर अक्षरशः फाटत होता. खर्जाचा गोल नाद ऐकू येण्याऐवजी नुसती घरघर येत होती. स्वर स्पष्ट नाही म्हणून भाचा आवाज वाढवी, तो वाढला की ड्रमवाला अधिक जोराने वाजवी आणि मग गायकाचा माइक वर जाई. मीही जाणकाराच्या थाटात, "अजून थोडा वाढव की!" असा सल्ला दिला. दोन तासांनी बाहेर पडलो तेव्हा कानांत बारीक शिट्टी वाजत होती. रात्री बहिणीचा दूरध्वनी आला. भाच्याची आठ वर्षांची धाकटी बहीण म्हणत होती, "कानात किडा ओरडतोय." ती संपूर्ण वेळ स्पीकरच्या पुढ्यात सतरंजीवर बसली होती. तीस वर्षे मुले तपासणाऱ्या तिच्या मामाला ते दिसले नव्हते. पुढे तिची श्रवणचाचणी निर्दोष आली, हे आमचे सुदैव. त्यात माझे कर्तृत्व काही नाही.

पुढील रविवारी ऑर्केस्ट्रांत आयुष्य घालविलेल्या एका वयस्क वादकांना आम्ही शेडवर नेले. त्यांनी प्रथम आवाजाच्या बटणाला हातच लावला नाही. वायर कोठे जोडली आहे, ते पाहिले. अ‍ॅम्पवर पॅसिव्ह आणि अ‍ॅक्टिव्ह अशी दोन प्रवेशछिद्रे होती. भाच्याच्या गिटारमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी आहे, म्हणजे तिच्या पोटातच एक छोटा प्रवर्धक असून तिचा संकेत मुळातच जोरकस असतो. ती जोडली होती पॅसिव्हला, जे दुबळ्या संकेतासाठी असते. त्यांनी वायर अ‍ॅक्टिव्हमध्ये घातली. तेथे येणारा संकेत आधी थोडा कमी केला जातो. मग गेन आणि मास्टर दोन्ही शून्यावर आणि स्वरवर्णाची सर्व बटणे मध्यावर. "रंगमंचावर जेवढ्या जोराने वाजवशील, तेवढ्याच जोराने वाजव," असे भाच्याला सांगून त्यांनी गेन हळूहळू वाढविला. क्लिपचा तांबडा दिवा लुकलुकताच तो किंचित मागे घेतला. मास्टरला हात लागला तो त्यानंतर. शेवटी अ‍ॅम्प एका खुर्चीवर चढवून थोडा तिरपा केला. तोवर तो वादकाच्या गुडघ्यांशी बोलत होता, आता कानांशी बोलू लागला. स्वर स्वच्छ आला आणि मास्टर पूर्वीपेक्षा बराच खाली होता.

गेन आणि मास्टर यांतील भेद आपण डॉक्टरांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. येणारा संकेत किती वाढवून आत घ्यावा हे गेन ठरवितो, बाहेर किती सोडावा हे मास्टर. पहिल्याच टप्प्यावर फाटलेला स्वर मास्टरने सुधारत नाही. फाटलेलाच मोठा होतो. चुकलेल्या निदानावर औषधाची मात्रा वाढवीत जाण्याचाच हा प्रकार. रॉक संगीतात फाटका स्वर मुद्दाम हवा असतो, हे मान्य. परंतु तोही गेनच्या बटणाने, मास्टर खाली ठेवून मिळविता येतो.

निसर्गानेही कानात असाच गेन बसविला आहे. प्रत्येक कानाच्या शंखात सुमारे बारा हजार बाह्य केशपेशी असतात. त्या क्षीण ध्वनी कित्येक पटींनी वाढवितात, मोठ्या ध्वनीला मात्र फारशी जोड देत नाहीत. अतिरेकी आवाजाचा बळी प्रायः याच पेशी ठरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग हळू बोललेले कळत नाही आणि मोठ्याने बोललेले बोचते. अशा कानाशी ओरडून बोलणे म्हणजे पुन्हा मास्टर फिरविणेच होय.

८५ डेसिबल आवाजात आठ तास, ही प्रौढ कामगारांसाठीची प्रचलित मर्यादा आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि औद्योगिक भागासाठी ७५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण शेडमध्ये सतरंजीवर बसलेल्या मुलीचा कान कोणता भाग औद्योगिक आणि कोणता निवासी, हे जाणत नाही. आणखी एक सावधगिरी: मोबाइलवरील मापक बहुधा 'ए' मापनावर चालतो आणि ते खर्जाचे स्वर फार कमी मोजते. बेसच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. छाती हादरत असतानाही आकडा समाधानकारक दिसू शकतो.

"आवाजाशिवाय उत्सवाला रंग नाही," असे आपलीच मंडळी म्हणतात. माझा संगीताला विरोध नाही. त्या दुसऱ्या रविवारी कमी आवाजात गाणे अधिक रंगले, हे मी स्वतः अनुभवले आहे. म्हणून आपल्या समाजाच्या कार्यक्रमांसाठी तीन सूचना नम्रपणे मांडतो. कार्यक्रमापूर्वी अर्धा तास केवळ ध्वनिजुळणीसाठी राखावा आणि प्रत्येक वाद्याचा गेन आधी लावावा. स्पीकरपुढील जागेत मुलांना बसू देऊ नये. आणि मास्टर खाली घेण्याचा अधिकार, वादक नसलेल्या एका जबाबदार व्यक्तीकडे असावा.

त्या व्यक्तीच्या जागी यंदा मला नेमल्यास मी आनंदाने उभा राहीन. "अजून थोडा वाढव" म्हणणाऱ्याने एवढे प्रायश्चित्त घ्यायलाच हवे.