विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात

बी.एड.चे नवे सत्र आमच्याकडे सुरू होते ते टाचणवह्यांच्या देवघेवीने. मागल्या वर्षीचे छात्राध्यापक जाताना आपल्या वह्या मागे ठेवून जातात आणि आम्ही त्या नव्या शाईने, जुन्याच चुकांसह उतरवून काढतो. तेवढीही उसंत नसेल तर छापील टाचणे बाजारात मिळतात. याबद्दल आम्हांला कामचुकार ठरवणे सोपे आहे, आणि काही अंशी ते खरेही आहे. परंतु जी वही कोणत्याही गावातल्या, कोणत्याही वर्गातल्या मुलांना जशीच्या तशी लागू पडते, ती उतरवून काढण्यात नेमके काय बिघडते, हा प्रश्न ती तपासणाऱ्यांनी एकदा स्वतःलाही विचारावा.

टाचणात एक रकाना शिक्षककृतीचा असतो, त्याच्या शेजारी विद्यार्थिकृतीचा. हा दुसरा रकाना आम्ही वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच भरलेला असतो. 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.' 'विद्यार्थी उत्तर देतात.' 'विद्यार्थी वहीत लिहून घेतात.' ज्या मुलांची नावेही आम्हांला ठाऊक नाहीत, त्यांच्या मनात अमुक मिनिटाला काय चालले असेल हे आम्ही आदल्या रात्री वसतिगृहात बसून निश्चित करतो. ज्योतिषीसुद्धा निदान जन्मवेळ विचारतो!

पहिल्या वर्षीच्या सरावपाठांतली गोष्ट. आमच्यापैकी एकीने सहावीच्या वर्गात अपूर्णांकांची बेरीज घेतली होती. फळ्यावर १/२ + १/३. टाचणातले अपेक्षित उत्तर ५/६. दुसऱ्या बाकावरचा मुलगा म्हणाला, २/५. आमच्या मैत्रिणीने शिकवल्याबरहुकूम 'आणखी कोण सांगेल?' असे विचारले, पुढच्या बाकावरून ५/६ आले, ते फळ्यावर लिहिले गेले आणि पाठ वेळेत संपला. निरीक्षणाच्या कागदावर 'प्रश्नकौशल्य उत्तम' असा शेरा मिळाला. मधल्या सुट्टीत तिने त्या मुलाला गाठले. तो म्हणाला, "बाई, दोन चेंडूंत एक चौकार मारला, मग तीन चेंडूंत एक मारला. पाच चेंडूंत दोन झाले ना? मग चुकलं कुठं?"

चेंडूंच्या हिशेबात तो चुकलेला नव्हताच. दोन्ही अपूर्णांक एकाच पूर्णाचे भाग असतील तरच त्यांची बेरीज ५/६ होते, त्याने मात्र दोन निरनिराळे पूर्ण एकत्र केले होते. अपूर्णांकाचा सगळा गाभा त्या एका प्रश्नात होता. छेद समान करण्याची रीत पाठ झालेली पुढच्या बाकावरची मुले त्याच्या जवळपासही फिरकली नव्हती. आणि तो प्रश्न वर्गात उमटूच नये, अशी व्यवस्था आमच्या टाचणाने केली होती.

हर्बार्टच्या पंचपदीचा आधार दिला की आमच्याकडे वाद संपतो. वास्तविक हर्बार्टने स्वतः चारच पायऱ्या सांगितल्या होत्या. त्यांची पाच सोपानांची शिडी केली ती त्याच्या मागून आलेल्या त्सिलर, राइन या अनुयायांनी. गुरूपेक्षा शिष्य कर्मठ निघतात हा अनुभव आपल्याला नवा नाही. असो.

यावर आमचे प्राध्यापक म्हणतील की नवशिक्याला आधार हवाच. मान्य. टाचणाशिवाय वर्गात उभे राहण्याचा आव आम्ही आणत नाही. पहिल्या पाठाला आमचे पाय लटपटत होते आणि हातातल्या कागदानेच आम्हांला सावरले. आक्षेप कागदाला नाही. कागद आणि वर्ग यांत तफावत पडली की गुण वर्गाच्या बाजूने न पडता कागदाच्या बाजूने पडतात, याला आहे. अपेक्षित उत्तर सोडून मुलामागे गेलेल्याचा पाठ अपुरा राहतो, आणि अपुऱ्या पाठाला गुण कमी. हे दोनचारदा घडले की कोणताही शहाणा छात्राध्यापक दुसऱ्या बाकाकडे पाहायचे सोडून देतो.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले. शाळेत घालवायचे २० आठवडे ठरले, त्यांतले १६ दुसऱ्या वर्षी. हेतू उघड होता : भावी शिक्षकाने मुलांमध्ये अधिक काळ राहावे. प्रत्यक्षात, निदान आमच्या वाट्याला, वाढल्या त्या वह्या. १६ आठवडे एका शाळेत राहून तिथल्या एकाही मुलाविषयी चार ओळी न लिहिता छात्रसेवाकाल यथासांग पार पडू शकतो, कारण तशा चार ओळी कुणी मागतच नाही.

आमची मागणी लहान आहे. विद्यार्थिकृतीचा रकाना पाठाआधी तपासू नये. तो पाठ झाल्यावर, त्याच दिवशी, मुले प्रत्यक्ष जे बोलली त्याने भरून घ्यावा, चुकीच्या उत्तरांसकट. आणि त्या उत्तरांचे आम्ही काय केले यावर गुण द्यावेत. यासाठी नवे परिपत्रक लागत नाही, की पैसा लागत नाही. निरीक्षकाला मात्र तासभर वर्गात बसावे लागेल. दारात उभे राहून सही करता येणार नाही. खरी अडचण कदाचित इथेच असावी.

येत्या सोमवारी शाळा सुरू होत आहे. पहिल्या आठवड्याची टाचणे आम्ही सादर केली आहेत आणि त्यांतला उजवीकडचा रकाना कोरा ठेवला आहे. गुण कापायचे असतील तर कापावेत.