हिमवृष्टीचें भाकीत आणि प्रवासी कुटुंबें

पौषांत उत्तरेचा वारा सुटला, कीं आमच्या कामठ्यास शेकोटीभोंवतीं बसलेलीं माणसें म्हणतात, "हिमालयांत बर्फ पडलें." हें अनुमान बहुधा खरें ठरतें. विदर्भांतील नीचतम उष्णतामान पुष्कळदां गोंदियास नोंदलें जातें. परंतु त्या थंडीचें मूळ फार दूर, भूमध्य समुद्राच्या बाजूस असतें. तिकडे उठलेलीं वादळें इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर येतात. त्यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतात. क्षुभ् धातूचा अर्थ ढवळून निघणें. तेव्हां नांव यथार्थच आहे. विक्षोभ येतांना आकाश अभ्राच्छादित होऊन रात्री उबदार होतात; तो पुढें सरकला, कीं आकाश निवळतें आणि उत्तरेचा शीत वारा आपल्यापर्यंत पोंचतो.

हल्लीं नाताळच्या सुटींत आपल्याकडील कुटुंबें आजीआजोबांसह व तान्ह्या मुलांसह सिमला, मनालीकडे बर्फ पाहावयास जातात. त्यांचा प्रश्न एवढाच असतो : उद्यां बर्फ पडेल काय? विक्षोभ येणार, हें वेधशाळा कांहीं दिवस आधीं सांगूं शकते. परंतु अमुक घाटांत पाऊस पडेल कीं बर्फ, हें आदल्या दिवशींही निश्चित सांगणें कठीण. कारण असें, कीं दर हजार मीटर चढावर उष्णतामान सुमारें साडेसहा अंशांनीं उतरतें. म्हणून अंदाजांत एका अंशाची चूक झाली, तरी हिमरेषा दीडशें मीटर वर किंवा खालीं सरकते. खालच्या गांवीं पाऊस आणि वरच्या वळणावर चाकें रुतण्याइतकें बर्फ, असें यामुळें घडतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं ढगांतील पाऊस व बर्फ दुरून टिपणारीं रडार यंत्रें २०२१ च्या जानेवारींत मुक्तेश्वर व कुफरी येथें सुरू झालीं. अशा यंत्रांच्या आधारें पुढील तीन तासांचा अंदाज देतां येतो.

तथापि भाकीत कितीही सूक्ष्म झालें, तरी तें मानणारा पाहिजे. २०२२ च्या जानेवारींत पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या ठिकाणीं, मोठ्या हिमवृष्टीची पूर्वसूचना असतांही, हजारों मोटारी वर चढल्या. रस्ते बुजले आणि मोटारींतच रात्र काढणारीं वीसहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत लहान मुलेंही होतीं. उबेसाठीं इंजिन चालू ठेवावें, तों बर्फानें धुराची नळी बुजते आणि विषारी वायु आंत सांचतो. त्यास वास नसल्यामुळें झोपलेल्यास तो कळतच नाहीं.

यास्तव कर्त्या मंडळींनीं निघण्यापूर्वीं व प्रवासांत रोज सकाळीं हवामान खात्याची सूचना पाहावी. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवावें. नारिंगी म्हणजे सज्ज राहावें. तांबडा म्हणजे धोका दाराशीं आला. मुलें व वृद्ध बरोबर असतां नारिंगी रंग दिसतांच वर जाण्याचा बेत रहित करावा. अडकलेंच, तर नळीभोंवतींचें बर्फ वारंवार काढावें आणि खिडकी किंचित् उघडी ठेवावी. एक दिवस खालीं राहिल्यानें खोलीचें भाडें बुडेल, मुलें रुसतील; तें सोसावें. ज्या घरांत वडिलांचा शब्द अद्याप चालतो, तेथें तो अशाच वेळीं खर्चावयाचा असतो.