रंगपेटी आणि काळी छत्री

मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर एखादी जुनी रंगपेटी पडून आहे का? असेल, तर आज दुपारची आवराआवर झाली की ती खाली काढा. रंगपेटी नसेल तर बाजाची पेटी असेल, भरतकामाची रिंग असेल, एका बाहीवर थांबलेला स्वेटर असेल. लग्नाआधी जे आपण मन लावून करत होतो आणि लग्नानंतर 'जरा सवड झाली की' असे म्हणत फडक्यात बांधून ठेवले, त्यातले काहीतरी प्रत्येकीकडे असतेच. माझ्याकडे रंगपेटी होती, म्हणून मी रंगपेटीविषयीच लिहिते.

घरात बसून चित्र काढणे मला कधी साधलेच नाही. ब्रश ओला केला की दारात दूधवाला उभा, नाही तर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. शिवाय काढायचे ते सगळे घराबाहेर! आमचे गाव वाई. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपतीचे देऊळ, काठावरची वडाची झाडे आणि मागे पांडवगड. असे सगळे समोर मांडून ठेवलेले असताना कपाटाकडे तोंड करून फुलदाणी कोण रंगवणार? म्हणून मी उघड्यावर बसूनच चित्र काढते. पण खरे सांगायचे, तर लग्नानंतरची पहिली सातेक वर्षे मी वर्षाकाठी फार तर आठ-दहा वेळा बाहेर पडले असेन. मे महिना आला की म्हणायचे, 'ऊन फार आहे.' जूनमध्ये, 'पाऊस उघडू दे.' थंडीत, 'मुलीला सर्दी आहे, सकाळच्या गारठ्यात कुठे जाऊ?' हवेसारखी सोयीची सबब दुसरी नाही. नवऱ्याला पटते, सासूबाईंना पटते आणि मुख्य म्हणजे आपल्या स्वतःला पटते.

ही सबब मला एकदा महागात पडली, ती हकीकत सांगते.

सासूबाईंचे माहेर इथून जवळच्याच एका खेड्यात, नदीच्या चढावर. जुना वाडा, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, पुढे लाकडी खांबांचा सोपा. माणसे शेजारच्या नव्या घरात राहायला गेली होती आणि वाड्यात नुसते धान्य आणि गवत भरलेले असे. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्या एकदा शेंगा निवडता निवडता मला म्हणाल्या, "अगं, सगळा घाट रंगवतेस, माझ्या माहेरच्या सोप्याचं एक चित्र काढशील का? दाराशेजारची देवळी तेवढी येऊ दे त्यात."

मी 'हो' म्हटले. मेमध्ये ऊन होते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, माझे तास सुरू झाले आणि पाऊसही आला. जुलै तसाच गेला. ऑगस्टमध्ये कृष्णाकाठाला केवढा पूर आला ते तुम्हाला आठवतच असेल. त्या संततधारेत वाड्याची पुढची भिंत एका रात्री बसली. आत कोणी नव्हते, हे देवाचे उपकार. पण सोपा गेला आणि उरलेलेही उतरवून घ्यायचे ठरले.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. "राहू दे आता," एवढेच म्हणाल्या. भाचा म्हणाला, "मामी, मोबाईलमध्ये फोटो आहेत ना!" आम्ही शोधले. लग्नातले फोटो होते, बारशातले होते. सगळ्यांत पुढे माणसे उभी आणि मागे खांबाचा तुकडा. देवळी एकाही फोटोत नव्हती.

पूर ओसरला, रस्ता मोकळा झाला, त्यानंतरच्या गुरुवारी मी पिशवी भरली. पाऊस होताच. हे म्हणाले, "एवढ्या पावसात? उघडीप झाली की जा." मी काही म्हणायच्या आत सासूबाई खुंटीवरची छत्री घेऊन दारात उभ्या!

रिक्षाने गेलो. समोरच्या घरच्या ओसरीवर मला जागा दिली. पुढे दाराची चौकट तेवढी उभी होती, शेजारी हातभर भिंत, तिच्यात ती देवळी आणि वर निळे प्लास्टिक. ओसरीचा पत्रा गळत होता, म्हणून सासूबाई माझ्या कागदावर छत्री धरून बसल्या. स्वतःच्या डोक्यावर पदर आणि छत्री कागदावर. मला संकोच वाटला, पण त्या ऐकेनात. कागद काही केल्या वाळेना. एक रंग दिला की अर्धा अर्धा तास नुसते बसायचे. आणि त्या बसण्यात त्या बोलू लागल्या. त्या देवळीत दिवा लावायचे काम त्यांचे होते. शाळेची फी चुकवून साठवलेले चार आणे त्यांनी तिथेच पणतीखाली लपवले होते. सातवीनंतर शाळा बंद झाली, तेव्हा त्या चौकटीला धरून किती रडल्या, तेही सांगितले. सात वर्षे एका घरात राहून यातले एक अक्षर मला माहीत नव्हते. ऊन असते तर चित्र तासाभरात वाळून आम्ही घरी आलो असतो.

चित्र काही फार चांगले झाले नाही. कागद फुगला आहे आणि आभाळात तीन ठिकाणी थेंब पडून पांढरट डाग उमटले आहेत. ते आमच्या देवघराशेजारी लावले आहे. पाहुण्यांनी डागांविषयी विचारले की सासूबाई सांगतात, "तो पाऊस आहे. खरा."

त्या दिवसापासून मी गुरुवार पक्का केला. सकाळी साडेसात ते साडेनऊ. हवा कशी आहे हे उंबऱ्याबाहेर पडल्यावर पाहायचे, आधी नाही. इतक्या वर्षांत प्रत्येक ऋतूने काय काय शिकवले, तेही सांगून टाकते.

उन्हाळ्यात जलरंग फार घाई करतात. आभाळाचा वॉश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेईपर्यंत पहिले टोक वाळून तिथे रेघ पडते. म्हणून कागद आधी स्वच्छ पाण्याने दोन्ही बाजूंनी ओला करून घ्यावा. कागदावर थेट ऊन घेऊ नये. डोळे तर दिपतातच, शिवाय उन्हात रंग उजळ दिसतात आणि तेच चित्र घरात आणले की काळवंडलेले वाटते. छत्री घ्यावी ती काळी. एकदा मी मुलीची लाल छत्री नेली आणि तिच्या लालसर उजेडात माझा रंगांचा सगळा अंदाज चुकला!

थंडीत नदीवर धुके असते, बोटे आखडतात, पण सकाळचा तिरपा उजेड आणि लांब सावल्या डिसेंबर-जानेवारीसारख्या एरवी नाहीत. फक्त सावल्या पळतात. तेव्हा बसल्या बसल्या आधी सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून घ्याव्यात आणि मग सूर्य कुठेही जावो, आपण त्या बदलू नयेत. नाही तर देवळाची सावली डावीकडे आणि झाडाची उजवीकडे असे चमत्कारिक चित्र होते. माझे झाले आहे.

फाल्गुनातला वारा कागद पलटतो आणि ओल्या रंगात धूळ आणून टाकतो. त्यावर कपडे वाळत घालायचे चार चिमटे हा अक्सीर इलाज. पावसाळ्यात वाळण्याची आशाच सोडावी. ओल्या रंगावर थेंब पडला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. तो पुसायला जाऊ नये, जास्त बिघडतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोन मिसळले की पावसाळी आभाळाचा सुरेख करडा रंग मिळतो, काळ्या नळीला हात लावावा लागत नाही.

राहता राहिली माणसे. ऊन-पावसापेक्षा मला सुरुवातीला त्यांचीच धास्ती वाटे. बाईमाणूस दोन तास घाटावर नुसते बसलेले दिसले, की येणारा-जाणारा थबकतोच. 'कुणाची वाट बघताय का?' असे मला तीनदा विचारले गेले आहे. शाळेतली मुले दिसली तर, "बाई, म्हैस काढायची राहिली!" धुणे धुणारी एक बाई म्हणाली, "मला काढा, पण पदर नीट घेतलेली काढा." आता सवय झाली. त्यांनाही आणि मलाही.

हे आपल्याच वाट्याला येते असेही नाही. बर्थ मोरिसो ही पॅरिसची मोठी चित्रकार. १८७४ साली इम्प्रेशनिस्टांचे पहिले प्रदर्शन भरले, त्यात तिची चित्रे होती. त्याच वर्षअखेरीस तिचे लग्न झाले आणि १८७५ मध्ये ती नवऱ्याबरोबर इंग्लंडजवळच्या आयल ऑफ वाइट बेटावर गेली. तिथे वारा, हलणाऱ्या बोटी आणि भोवती जमणारा पोरांचा घोळका यांनी ती अगदी बेजार झाली, आणि तसे तिने बहिणीला पत्रातून कळवलेही. पण ब्रश खाली ठेवला नाही. घरातल्या खिडकीशी नवऱ्याला बसवले आणि खिडकीतून बाहेर पाहणारा तो, मधे कुंड्या आणि पलीकडे समुद्र, असे चित्र काढले. ते आज तिच्या नावाजलेल्या चित्रांत गणले जाते. तेव्हा घरात तान्हे मूल असेल, आजारी माणूस असेल आणि बाहेर पडणे खरोखरच शक्य नसेल, तर खिडकी आहे. सबब आणि अडचण यांतला फरक आपला आपल्याला कळतो.

आता थोडे सामानाविषयी. पेटीतल्या नळ्या कडक झाल्या असतील तर फेकू नका. नळी उभी कापून आतली वडी पाण्याने भिजवा, रंग पुन्हा सुटतो. झाकण घट्ट बसले असेल तर क्षणभर गरम पाण्यात धरा. लिंबू पिवळा, गेरूसारखा यलो ऑकर, क्रिमझन लाल आणि वर सांगितलेले दोन, एवढे पाच रंग पुरतात. कागदावर मात्र काटकसर करू नका. ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्या आणि मोठा ताव कापून चार करा. पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, कारण दमट कागद टीपकागदासारखा रंग शोषतो. रंग कालवायला पांढरी बशी, ब्रश टिपायला जुन्या सुती साडीचा तुकडा, पाण्याच्या दोन बाटल्या, एक धुवायची आणि एक स्वच्छ. ब्रश तोंडात धरायची सवय असेल तर मोडा, काही रंग विषारी असतात. त्याच कारणाने रंगाचे पाणी नदीत ओतू नका.

एवढे झाले की वार ठरवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. न सांगितलेला वार टिकत नाही. कोणाच्या माहेरचा सोपा, कोणाच्या अंगणातला पारिजात, कोणाचे चुलीचे कोपरे अजून उभे असतील. त्यांच्यापासूनच सुरुवात करा. पहिले चित्र बिघडेल, दुसरेही बिघडेल, पण पान उलटून तिसरे काढा. आणि निघताना आभाळाकडे पाहू नका, खुंटीवरची छत्री तेवढी घ्या. काळी.