अम्मीला कोणी विचारलंच नाही

आमच्या परभणीत चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात. स्टँडसमोरच्या बाकड्यावर हाफ चहा पिऊन आलेला माणूस घरी "हॉटेलात बसलो होतो" असंच सांगतो. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याला गेलो आणि भाचीने पहिल्या पगारातून "मोठ्या हॉटेलात" जेवू घालायचं ठरवलं, तेव्हा अम्मीने पहिला प्रश्न विचारला, "वहाँ बैठने को मिलता ना?"

मिळालं. पण कुठे? दारावरच्या माणसाने आधी अम्मीच्या बुरख्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे, आणि आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं टेबल दिलं. खिडकीजवळच्या तीन टेबलांवर 'रिझर्व्ह्ड'च्या पाट्या होत्या. आमचं जेवण होईपर्यंत त्यातल्या दोन टेबलांवर कोणीही आलं नाही. हा योगायोग असू शकतो. मी शिक्षक आहे, पुराव्याशिवाय मुलाला कॉपी करताना धरत नाही. पण चाळीशी ओलांडलेल्या माणसाला नजर वाचता येते.

मेन्यू आला. जाड पुठ्ठ्याचा, अंगणवाडीच्या पाटीएवढा. अम्मी उर्दू वाचते, मराठीही वाचते. एसटीच्या पाट्यांपासून रेशनच्या नोटिशीपर्यंत तिचं काही अडत नाही. इथे मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त इंग्रजी. तिने पानं उलटली आणि मेन्यू हळूच भाचीकडे सरकवला. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात म्हणून आपल्याकडे कायदा आहे, आंदोलनं झाली, काचाही फुटल्या. पाटीखालून आत गेलेल्या माणसाने काय वाचायचं, यावर कोणी आंदोलन केल्याचं मला आठवत नाही.

वेटरचं वय वीस-बावीस असेल. अम्मीने त्याला विचारलं, "बेटा, गोश्त हलाल है ना?" त्याने उत्तर दिलं, पण मला. "येस सर, हलाल ओन्ली." प्रश्न म्हातारीचा, उत्तर मुलाला. पुढचा दीड तास हेच चाललं. तिखट कमी हवं का, पाणी साधं की बाटलीतलं, गोड काय घेणार, सगळं मला किंवा भाचीला. बाकी तक्रार करावी असं काही नव्हतं. ताटं गरम होती, बिर्याणी ठीक होती (आमच्या लग्नातल्या बगारा खाना-दालच्याची सर तिला नाही, पण हे मी म्हणणारच), आणि पाण्याचा ग्लास एकदाही रिकामा राहिला नाही.

मग बिल आलं. पदार्थांचे ३,६०० रुपये. त्याखाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज, ३६०. या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी, १९८. एकूण ४,१५८. सर्व्हिस चार्ज नसता तर ३,७८० झाले असते. म्हणजे फरक ३७८ रुपयांचा, आणि त्यातले अठरा रुपये 'सेवे'वर भरलेला कर. आठवीच्या वर्गाला शेकडेवारी शिकवायला यापेक्षा बरं उदाहरण मिळणार नाही.

यातला जीएसटी सरकारचा आहे, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज मात्र कर नव्हे. तो हॉटेल स्वतःच लावतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं की तो बिलात आपोआप जोडता येणार नाही, दुसऱ्या नावाने घेता येणार नाही, आणि त्याच्या नावाखाली कोणाला प्रवेश वा सेवा नाकारता येणार नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. पण २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या, वर एकेक लाखाचा खर्चही बसवला. त्यावर पुढे अपील झालं आहे. तक्रार करायची तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, लिहून ठेवा.

हॉटेलवाल्यांची बाजूही आहे. ते म्हणतात, टिप फक्त टेबलावरच्या वेटरला मिळते, सर्व्हिस चार्ज मात्र आत भांडी घासणाऱ्यालाही वाटता येतो. बोलणं रास्त वाटतं. पण मग भांडी घासणाऱ्याचा पगार वाढवा आणि तो बिर्याणीच्या भावात धरा. भाव वाचून माणूस ठरवेल, बसायचं की उठायचं. जेवण झाल्यावर, हात धुतल्यावर, मागायचं कशाला?

मी मॅनेजरला हे सांगितलं. भाची म्हणत होती, "मामू, जाने दो ना." मॅनेजरने आधी "पॉलिसी" सांगितली. मग कोर्टाचं नाव काढल्यावर त्याने काउंटरवरच्या मुलाला हाक मारली, शेजारच्या चार टेबलांना ऐकू जाईल अशी: "इनका सर्व्हिस चार्ज काट दो." खैरात वाटावी तशी. माझे ३७८ रुपये वाचले, आणि रिक्षात बसल्यावर अम्मीने भाचीला हळूच विचारलं, "पैसे कम पड़े थे क्या गे?" पहिल्या पगाराच्या दावतीची ही आठवण त्या पोरीजवळ राहणार. मी वाद घातला ते बरोबरच होतं असं मला अजूनही वाटतं. पण बिल देणारी ती होती, आणि मी तिला आधी विचारलं नव्हतं.

त्याआधी दाराशी एक गोष्ट घडली. अम्मीने पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढून त्या वेटरच्या हातात दिली आणि विचारलं, "खाना खाया क्या बेटा?" पोरगा गडबडला. मग एकदम मराठीत म्हणाला, "आमचं चार वाजता असतं, मावशी." कुठला रे तू? हिंगोलीकडचा. हिंगोली म्हणजे १९९९ पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यातला भाग. दीड तास हा आमच्याशी इंग्रजीत बोलत होता! "सर, मराठीत बोललं की साहेब रागावतात." त्याच्यावरचा माझा सगळा राग तिथेच उतरला. त्यालाही तिथे कोणी विचारत नव्हतं.

हे गावी येऊन मित्रांना सांगितलं तेव्हा सगळे तापले. बुरखा पाहिला म्हणून असं केलं, आपल्यालाच असं वागवतात, वगैरे. मीही मान डोलावली. मग घरी येताना आपल्या दावती आठवल्या.

माझ्या लहानपणी मेहमान आला की घरातल्या धाकट्याने तांब्या आणि चिलमची घेऊन त्याच्या हातावर पाणी घालायचं. ते काम नोकराचं नव्हतं, माझं होतं. आज शादीखान्यात ठेक्यावर आणलेली पोरं वाढतात, कित्येक माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची, आणि आपण त्यांना "ए, इधर ला" म्हणून चुटक्या वाजवतो. दस्तरखान आधी मर्दांचा. दोन-तीन पंगती उठेपर्यंत बायका लेकरं घेऊन पडद्याआड बसतात, आणि मग त्यांच्यापर्यंत पोचतो तो पाणी घालून वाढवलेला दालचा आणि तळाची खरवड. अम्मीने आयुष्यभर अशाच दावती खाल्ल्या. तिथे कोणती 'रिझर्व्ह्ड'ची पाटी असते? तिला स्वयंपाकघराशेजारी बसवल्याचा मला एवढा राग आला, तिला मात्र फारसा आला नाही. सवयीची जागा होती.

पुढच्या महिन्यात चुलतभावाच्या मुलीचा निकाह आहे. मी त्याला म्हटलं, यावेळी पहिली पंगत बायकांची घालू, वाढायला आपण भाऊ-भाऊ उभे राहू. तो हसला. म्हणाला, "मास्तर, पैले बाराती तो खा लेने दे." मुलीकडच्या बायकांना विचारलंस का, म्हटलं. त्याने फोनवर बाहेर कोणीतरी आल्याचं सांगितलं. उद्या पुन्हा लावणार आहे, यावेळी भाभीला.