संशय कोणावर?

आपल्या विद्यालयातील नववीच्या विद्यार्थ्यांनी यंदा एका रहस्यपटाची दोन मिनिटांची सुरुवात मोबाईलवर चित्रित केली. अंधारा व्हरांडा, कुलपाचा आवाज आणि अचानक समोर येणारा, फाटक्या कपड्यांतील सावळा चोर. परीक्षणात प्रकाश, ध्वनी, संकलन यांना भरघोस गुण मिळाले. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, चोर आपल्यासारखाच का दिसतो?" वर्ग स्तब्ध झाला.

या प्रश्नामागे इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच संशयित ठरविले. कायदा १९५२ साली रद्द झाला. पडद्यावरील संशय मात्र उरला. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ची (२०१३) सुरुवात आठवावी : गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागावर असलेला जब्या. उत्कंठा तेथेही आहे. परंतु कॅमेरा त्याच्यावर संशय घेत नाही, त्याच्या बाजूने पाहतो.

मुलांनी सुरुवात पुन्हा चित्रित केली. आता कुलूप उघडणारा केवळ हात दिसतो. भीती कमी झाली नाही, उलट वाढली.

'लातूर पॅटर्न'च्या या शहरात गुणांचे महत्त्व कोणास सांगावे? पण गुण देण्यापूर्वी असा प्रश्न विचारणारी मुले घडविणे, हेच माझ्या मते खरे मूल्यमापन होय. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनीही घरी चित्रपट पाहताना मुलांना तो विचारू द्यावा.